परदेशी मदतीचं कोर्ट, परदेशी मदतीचा तुरुंग: इमारत मिळेल हो, पण नाझर कुठून आणणार?

नाझर_निवृत्त | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आज दुपारी जावई जेवायला आले होते. ते सिव्हिल इंजिनियर. आफ्रिकेतल्या एका देशात (नाव लिहू नका असं बजावलंय, टेंडर अजून उघडायचंय) यादवी संपून काही वर्षं झाली. आता परदेशी पैशातून तिथे सहा जिल्हा कोर्टं आणि एक तुरुंग बांधायचाय, आणि यांची कंपनी बोली लावणार आहे. जेवणं आटपल्यावर त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर लिल्या चिवड्याची वाटी ठेवली, दुसऱ्यावर माझ्या चष्म्याचं घर, आणि म्हणाले, "बाबा, तुमची हयात कोर्टात गेली. बघा जरा, काही राहिलंय का."

बघितलं. न्यायाधीशांची खोली आहे, तिला लागून बाथरूम आहे. कोर्टहॉलला एसी. वकिलांची खोली, पत्रकारांचीसुद्धा खोली. पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार, हे चांगलं केलंय. झेंड्याचा खांब, त्याच्याभोवती फुलझाडांचा गोल.

मी म्हटलं, "रेकॉर्डरूम कुठेय?" म्हणाले, सगळं कॉम्प्युटरवर असणार. "मुद्देमाल कुठे ठेवणार?" म्हणाले, म्हणजे काय? म्हणजे रक्ताळलेला शर्ट, कोयता, चोरीची सायकल, दारूच्या बाटल्या. खटला संपेपर्यंत आणि मग अपील संपेपर्यंत, चिठ्ठी न निघता, उंदराने न कुरतडता सांभाळायचं ते सगळं. "तुरुंगातून आरोपी आणला की पुकारा होईपर्यंत बसवणार कुठे? फिर्यादीची बाई आणि आरोपीचे भाऊ एकाच दारातून आत येणार?" तेव्हा कुठे जावयांनी खिशातून पेन काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोर्टात नाझर म्हणजे हिशेबाचा आणि बजावणीचा माणूस. समन्स-वॉरंट घेऊन फिरणारे बेलिफ त्याच्या हाताखाली. साक्षीदाराचा भत्ता, जप्तीचा माल, कोर्टात भरलेली रक्कम, पंख्याची दुरुस्ती, शाई, सुतळी, सगळं त्याच्याकडे. न्यायाधीश रजेवर गेले तर फार तर मुदत पडते. साक्षीदाराला एसटीचं भाडं मिळालं नाही तर तो पुढच्या मुदतीला येतच नाही, आणि केस तिथेच मरते.

एका तालुक्याच्या कोर्टात होतो तेव्हाची गोष्ट. विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप असलेला एक पोरगा होता. दर मुदतीला रोजनाम्यात एकच ओळ: जाप्ता नसल्याने आरोपी हजर नाही. अकरा वेळा लिहिली गेली ती ओळ, त्यातली चार वेळा माझ्याच हस्ताक्षरात. पोरगा आत, फिर्यादी बाहेर बाकावर, न्यायाधीश खुर्चीत. फक्त जाप्त्याचे, म्हणजे आरोपीला कोर्टात आणणारे, पोलीस आणि गाडी नाही. गुजरातीत अशा खटला न संपलेल्या कैद्याला 'काचा कामनो केदी' म्हणतात आणि शिक्षा झालेल्याला 'पाका कामनो'. तो कच्चाच राहून पक्क्याएवढे महिने बसला.

दुपारी नकाशा बघितल्यापासून चैन नाही म्हणून वाचतोय. इराकमध्ये दियाला प्रांतात खान बनी साद नावाच्या जागी अमेरिकेने ३,६०० कैद्यांचा तुरुंग काढला. सुमारे ४ कोटी डॉलर घालून २००७ मध्ये काम अर्धवट सोडलं, आणि इराकचं न्यायखातं म्हणालं, आम्हाला नकोच तो. अफगाणिस्तानात बघलानला १ कोटी १३ लाख डॉलरचा तुरुंग. भूकंपाचा प्रदेश, तरी भिंतींना तडे, एक इमारत पाडावी लागली. हे मी नाही, अमेरिकेच्याच तपासनिसांनी २०१४ मध्ये लिहून ठेवलंय.

मला इमारतीचं दुःख नाही. बडोद्यात सुरसागर तळ्यासमोरचं आपलं न्यायमंदिर सयाजीरावांनी कोर्टासाठी किती हौसेने बांधलं, त्यात बसायला मलाही छाती फुगायची. पण दान देणारा इमारत देतो, महिन्याचा पगार देत नाही. दिला तरी तीन वर्षं देतो. कोणी अशा देशात राहिलंय, काम केलंय? सांगा.


सुरसागर_काठी | रात्री ११:०५

काका, मस्त लिहिलंत ने! पण एवढं सगळं जावयाला फुकटात सांगितलंत? कन्सल्टंट लोक ह्याच्यासाठी डॉलर मोजून घेतात. आणि लिलो चिवडा कुठला ते लिहायचं राहिलं.


नाझर_निवृत्त | रात्री ११:१२

घरचा. सौ. बाहेरचा आणू देत नाही.


फौजी_मांजलपूर | सोमवार, सकाळी ६:२०

निमलष्करी दलातून निवृत्त. हैतीमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारताच्या पोलीस तुकड्या होत्या, त्यात मीही होतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

पोर्ट-ओ-प्रिन्सचा राष्ट्रीय तुरुंग भर शहरात आहे. सकाळी फाटकाबाहेर बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात डबा, डब्याच्या झाकणावर मार्करने नाव लिहिलेलं. आत भात आणि राजम्यासारखी उसळ. ज्याचं घर शहरात त्याला डबा. ज्याचं गाव लांब त्याने सरकारी जेवणावर राहायचं, ते आलं तर आलं. माझ्यासमोर एका म्हातारीच्या डब्यावरचं नाव घामाने पुसलं गेलं. शिपाई डबा आत घेईना. ती खाली बसली, पदरात सांभाळून आणल्यासारखा मार्कर काढला, पण तिला लिहिता येत नव्हतं. शेवटी मागच्या पोरीने लिहून दिलं.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात न्यायभवन कोसळलं, न्यायमंत्रालय कोसळलं आणि ह्या तुरुंगातले ४,००० हून जास्त कैदी पळाले. पळालेले सगळे गुन्हेगार होते असं समजू नका. हैतीत दहातले आठ कैदी खटला न चाललेले, नाझरकाकांच्या भाषेत काचा कामना. कोण कशासाठी आत होता त्याचे कागद ढिगाऱ्याखाली.

मग पैसा आला. कॅनडाने क्रुआ-दे-बुके इथे नवा तुरुंग बांधून दिला, २०१२ मध्ये सुरू झाला. जागा ८७२ जणांची. २०१४ मध्ये ३२९ जण पळाले. २५ फेब्रुवारी २०२१ ला आत १,५४२ होते, त्यातले ४०० वर पळाले, तुरुंगाधिकाऱ्यासकट २५ माणसं मेली. आणि मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी शहरातला जुना राष्ट्रीय तुरुंग फोडला. जागा ७०० ची, आत साडेतीन हजारांच्या वर. पोलिसांच्या संघटनेने हाक दिली, ज्यांच्याकडे गाडी आणि हत्यार आहे त्यांनी या. म्हणजे बघा, तुरुंगाचं रक्षण करायला वर्गणी काढायची वेळ.

एक गंमत. राष्ट्राध्यक्ष मोईज यांच्या खुनाच्या आरोपातले कोलंबियाचे माजी सैनिक त्या दिवशी आतच राहिले. दार उघडं, तरी बाहेर गेले नाहीत. बाहेर जास्त भीती.

भिंत मजबूत होती, हे मी छातीठोक सांगतो. भिंत कोणी फोडली नाही कधी.


वकील_रावपुरा | सकाळी ९:१५

नाझरसाहेब, नमस्कार. तुमच्या टेबलासमोर मी वकीलपत्राच्या स्टँपसाठी उभा राहिलेलो आहे, ओळखणार नाही तुम्ही.

अफगाणिस्तानचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तालिबान २००१ मध्ये हटले, त्यानंतर मदत करणाऱ्या देशांनी कामं वाटून घेतली. आपल्याकडे लग्नात वाटतात तशी: हा मांडव बघेल, तो वाढप बघेल. लष्कर अमेरिकेकडे, पोलीस जर्मनीकडे, अफू ब्रिटनकडे आणि न्यायव्यवस्था इटलीकडे. आता वाढप्याला मांडववाला काय करतोय ते माहीत नाही, तसं झालं. पोलीस पकडून आणणार एका पद्धतीने, कोर्ट चालणार दुसऱ्या. २००४ ची फौजदारी प्रक्रियेची हंगामी संहिता इटालियन तज्ज्ञांनी तयार केली. ती ज्या न्यायाधीशांनी वापरायची त्यातल्या कित्येकांचं शिक्षण मदरशात झालेलं.

आणि ह्याच काळात खेड्यापाड्यात तालिबानची स्वतःची कोर्टं चालू होती. काझी मोटरसायकलवर यायचा. जमिनीचा बांध, पाण्याची पाळी, उसनवार. दोन बैठकांत निकाल, आणि निकालाची बजावणी बंदुकीच्या जोरावर. मी त्या न्यायाचं समर्थन अजिबात करत नाही, बायकांच्या वाट्याला त्यात काय आलं ते जगाने पाहिलंय. पण शेतकऱ्याला विचाराल तर सरकारी कोर्टात लाच देऊन मुदत मिळते आणि इकडे फुकटात निकाल मिळतो, एवढाच त्याचा हिशेब होता. कोर्टाला गिऱ्हाईक लागतं हो. ते गेलं.

कंदाहारच्या सारपोसा तुरुंगाची गोष्ट फौजीसाहेबांना आवडेल. जून २००८ मध्ये ट्रकभर स्फोटकं फाटकावर आदळून सुमारे हजार कैदी पळवले. मग कॅनडाने पैसे घालून तुरुंग पक्का केला. एप्रिल २०११ मध्ये रस्त्यापलीकडच्या घरातून तीनशे मीटरच्या वर भुयार खणून साडेचारशेहून जास्त जण बाहेर काढले. भिंत उंच केली, ते खालून गेले.


स्पष्टवक्ता_वाडी | सकाळी ११:३०

सगळं छान. पण मला एक कळत नाही. आपल्या देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे चारातले तीन. शंभर जणांच्या जागेत १३१. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोग १९८७ मध्ये म्हणाला, आज विशीच्या आसपास घुटमळतोय. आणि आपण दुसऱ्यांना कोर्टं बांधून देतो! भूतानच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत आपल्या पैशाने, मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाची आपल्या पैशाने. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

नाझरकाकांच्या मोटरचोराला गाडी मिळाली नाही ती बडोद्याच्या जवळच ना? मग हैती कशाला पाहिजे?


फौजी_मांजलपूर | सकाळी ११:५०

हैती मला पाठवलं म्हणून पाहिलं. हौस नव्हती.


वकील_रावपुरा | दुपारी १:१०

वाडीकर, आकडे खरे आहेत, आणि झोंबणारेही. पण दान कोणी निव्वळ दान म्हणून देत नाही, हे लक्षात घ्या. ब्रिटनने अफूचं खातं घेतलं कारण ती हेरॉइन त्यांच्या गल्लीत येत होती. सोमालिलँडमध्ये हर्गेसाचा तुरुंग संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये नीट करून दिला, कारण समुद्रात पकडलेले चाचे कुठे ठेवायचे हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. आपल्यालाही पडला. २०११ मध्ये आपल्या नौदलाने शंभरावर सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले. खटला चालून शिक्षा झाल्या २०१७ मध्ये, सात वर्षांच्या. त्यातली बहुतेक वर्षं तळोजात कच्चे म्हणून निघून गेली होती. चाचेगिरीचा वेगळा कायदा आपण २०२२ मध्ये केला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा ३५ जण आले. दुसऱ्याचं कोर्ट बंद पडलं की त्याच्या केसेस आपल्या बोर्डावर लागतात, असा साधा प्रकार आहे.


पोर्टलुईची_सून | दुपारी २:४५

मी बडोद्याची, लग्न होऊन मॉरिशसला. इथे आमची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिवरात्र, गणपती सगळं दणक्यात. मराठी आमचं तुमच्याइतकं चांगलं नाही, हसू नका.

ती कोर्टाची इमारत मी रोज बघते. ३० जुलै २०२० ला दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओवरून उद्घाटन केलं, कोरोना होता ना. भारताने २०१६ मध्ये ३५ कोटी ३० लाख डॉलरचं पॅकेज दिलं होतं, त्यातली ही. दहा मजल्यांच्या वर. पण वाडीकरदादा, मॉरिशस पडलेला देश नाही. कोर्ट आधीपासून चालू होतं, न्यायाधीश होते, क्लार्क होते, फक्त जागा कमी पडत होती. शेवटचं अपील अजून लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. इथे इमारत दिली ती लागू पडली, कारण इमारतच हवी होती. माझ्या सासऱ्यांचा वारसाचा दावा आहे त्या कोर्टात. लिफ्ट एकदम झकास. दावा आहे तिथेच.


स्पष्टवक्ता_वाडी | दुपारी ३:००

हा हा. लिफ्टने दावा वर जात नाही म्हणा.


इतिहासवेडी_प्रतापगंज | सायंकाळी ७:३०

नाझरकाका, आधी एक दुरुस्ती, रागावू नका. न्यायमंदिराची इमारत मुळात मंडईसाठी योजली होती. पुढे तिथे कोर्ट आलं. १८९६ मध्ये व्हाइसरॉय एल्गिनच्या हस्ते उघडली आणि नाव दिलं सयाजीरावांच्या पहिल्या राणीचं, चिमणाबाई न्यायमंदिर. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला जुन्या पादरा रोडकडे गेलं. आणि पादरा म्हणजे तेच, जिथे सयाजीरावांच्या आधीचे राजे मल्हारराव यांना त्यांच्या थोरल्या भावाने, खंडेरावांनी, कैदेत ठेवलं होतं. गंमत म्हणून सांगितलं.

आता मुद्दा. हैती-काबूल कशाला, बाहेरून माणूस पाठवून कोर्टं उभी करायचा प्रयोग आपल्याच गावात झालाय. मल्हाररावांच्या काळात नजराण्याशिवाय निकाल मिळत नाही अशी ओरड होती. १८७३ मध्ये इंग्रजांनी चौकशी आयोग बसवला. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर, याच्याशी पटलं नाही, वर्षभरात गेले. मग फेअरला विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि १८७५ मध्ये इथे बडोद्यात खटला उभा राहिला. तीन इंग्रज आणि तीन हिंदी असे सहा जण: हिंदींमध्ये ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावाला लंडनहून वकील, सार्जंट बॅलंटाइन. सहांचं एकमत झालंच नाही, तीन विरुद्ध तीन! तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं, विषाच्या आरोपावर नाही तर गैरकारभारावर. न्यायाची सुधारणा करायला आलेल्यांनी सुरुवात अशी केली, हे नोंदवून ठेवावं.

त्यानंतर दिवाण म्हणून आले टी. माधवराव. तंजावरचं मराठी घराणं, जन्म कुंभकोणमचा, त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली, इंदुरात होळकरांकडे दोन वर्षं काढून इकडे. १८७५ ते १८८२. त्यांनी कोर्टांची उतरंड बसवली, वरिष्ठ कोर्ट आणलं, तुरुंग ताळ्यावर आणले. बाहेरचा माणूस, वरून लादलेला. तरी जमलं. का? माझं मत: पैसा बडोद्याचा होता. न्यायाधीशाचा पगार, कैद्याची भाकरी, पट्टेवाल्याचा पट्टा, सगळं इथल्या शेतसाऱ्यातून. माधवराव गेले तरी पगार थांबला नाही. सयाजीरावांनी कारभार हातात घेतला तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते, आणि पुढे १९०४ मध्ये न्यायखातं आणि महसूलखातं वेगळं केलं. कलेक्टरच न्यायाधीश ही भानगड ब्रिटिश मुलखात तेव्हा चालूच होती.


वकील_रावपुरा | रात्री ८:०५

वा! फक्त त्यात एक भर घाला: भाषा. बडोद्याचे कायदे गुजरातीत होते. राजा मराठी, प्रजा गुजराती, म्हणून कोर्ट गुजराती. मराठी लादली नाही.


इतिहासवेडी_प्रतापगंज | रात्री ८:२०

बरोबर, सुटलंच माझ्याकडून. १९३१ मध्ये सयाजीरावांनी कारभाराच्या आणि कायद्याच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, सयाजीशासनशब्दकल्पतरू. एका शब्दाला गुजराती काय, मराठी काय, फारसी काय, बंगाली काय. शेवटी कुठला वापरायचा तोही सांगितलेला.


वकील_रावपुरा | रात्री ८:५०

आणि आता पूर्व तिमोर बघा. १९९९ मध्ये सार्वमत झालं, इंडोनेशियाचं सैन्य जाळपोळ करत निघून गेलं. कोर्टं जळाली, न्यायाधीश-वकील जवळजवळ सगळे इंडोनेशियाचे, तेही गेले. संयुक्त राष्ट्रांनी जानेवारी २००० मध्ये तिमोरी न्यायाधीश नेमले, त्यातला एकही आधी कधी त्या खुर्चीत बसला नव्हता. इंडोनेशियात कायदा शिकलेले. घरात तेतुम बोलणारे. आणि देश स्वतंत्र झाल्यावर कायद्याची भाषा पोर्तुगीज! २००५ मध्ये त्यांची परीक्षा घेतली, सगळे नापास. सगळे. मग परदेशी न्यायाधीश आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारचं आणि त्यांचं बिनसलं आणि त्यांना ४८ तासांत देश सोडा म्हणून सांगितलं. चालू खटल्यांचं काय झालं असेल विचार करा. अर्धा पुरावा नोंदवून न्यायाधीश विमानात.

माझ्या अशिलाला 'मुदत' कळते. 'अ‍ॅडजर्नमेंट' म्हटलं की तो माझ्याकडे बघतो, जिंकलो की हरलो?


शाळामास्तर_कारेलीबाग | रात्री ९:३०

रवांडाबद्दल कोणीच बोललं नाही. १९९४ च्या हत्याकांडानंतर तुरुंगांत लाखावर माणसं कोंबली होती, आणि न्यायाधीश हाताच्या बोटांवर. जगाने टांझानियात अरुशाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण काढलं, त्यात एकूण ९३ जणांवर आरोपपत्र. दुसरीकडे गावोगावी 'गचाचा' बसवली, गवतावर बसून पंचांनी निवाडा करायचा. २०१२ मध्ये बंद केली तोवर बारा हजारांच्या आसपास अशा गावकोर्टांनी दहा लाखांहून जास्त प्रकरणं निकालात काढली. आपली गावपंचायतच की ही. एसीचा हॉल नको, झाड पुरे.


वकील_रावपुरा | रात्री ९:४५

मास्तर, झाड पुरे, पण वकील? गचाचामध्ये आरोपीला वकील नव्हता. शेजाऱ्याने जुनं वैर काढून नाव घेतलं तर बिचाऱ्याने काय करायचं?


शाळामास्तर_कारेलीबाग | रात्री ९:५२

वकील असता तर २०१२ मध्ये संपलं असतं का?


वकील_रावपुरा | रात्री ९:५३

हे बरं आहे. धंद्यावर या तुम्ही.


व्यवस्थापक | रात्री १०:००

वैयक्तिक नको. गाडी रुळावर ठेवा.


कोपनहेगनचा_बाळ्या | मंगळवार, पहाटे ३:१०

एक उलटी गोष्ट. १९९९ च्या युद्धानंतर कोसोवोची कोर्टं आणि पोलीस संयुक्त राष्ट्रांनी आणि २००८ पासून युरोपियन युनियनने चालवले, शिकवले, न्यायाधीशसुद्धा पाठवले. आता आमचा डेन्मार्क, तुरुंग भरले म्हणून, त्याच कोसोवोत गिलान इथे ३०० कोठड्या भाड्याने घेतोय, वर्षाला दीड कोटी युरो. कैदी इथले, पहारेकरी तिथले, नियम डॅनिश. मला ऑफिसात हे ऐकलं तेव्हा आधी थट्टा वाटली. बडोद्यात खोली भाड्याने देतात तसं: स्वयंपाकघर सामाईक, मांसाहार चालणार नाही.

पण त्याची दुसरी बाजू अशी की ते भाडं कोसोवोच्या स्वतःच्या न्यायखात्यात जाणार. इतिहासवेडी म्हणतात तसा पगाराचा पैसा कदाचित असा येईल. कैद्यांच्या बायकापोरांनी भेटायला विमानाने जायचं, हे मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. फौजीकाकांची ती डब्याची रांग आठवली.


स्पष्टवक्ता_वाडी | सकाळी १०:१५

मान्य, थोडं मान्य. पण मग करायचं काय? परदेशी पैसा घ्यायचाच नाही का? भूकंपात कोर्ट पडलं तर तिथल्या न्यायाधीशाने गचाचासारखं गवतावर बसायचं?


फौजी_मांजलपूर | सकाळी १०:४०

घ्यायचा. नक्की घ्यायचा. माझ्यासमोर एका तुकडीने तुरुंगात फक्त एक काम केलं होतं. प्रत्येक कैद्याचं नाव, आत आल्याची तारीख, आरोप काय, शेवटचं कोर्ट कधी, एवढं वहीत लिहून काढलं. चार रकाने. त्यात काही जण असे निघाले की आरोप शाबीत झाला असता तरी सुटून गेले असते इतके दिवस ते आधीच बसले होते. दोन दुभाषे, एक टेबल, थोड्या वह्या. त्याचा फोटो कुठल्या वार्षिक अहवालात येत नाही, कारण दाखवणार काय, वही?


नाझर_निवृत्त | सकाळी ११:३०

सगळे वाचले. इतिहासवेडी, मंडईची दुरुस्ती कबूल. इतकी वर्षं त्या इमारतीत बसलो आणि हे ठाऊक नव्हतं, म्हणजे वरच्या मजल्यावर भाजीचा वास का यायचा ते आज कळलं. (विनोद आहे. वास यायचा तो फायलींचा.)

फौजीसाहेब, तुमच्या चार रकान्यांत पाचवा घाला: पुढची मुदत. त्याशिवाय ती वही म्हणजे नुसती हजेरी. आमच्याकडे कच्च्या कैद्यांची यादी दर महिन्याला तुरुंगातून यायची, आम्ही ती बोर्डाशी ताडून बघायचो. एकदा त्या यादीत एकाच माणसाचं नाव दोन जिल्ह्यांत, दोन स्पेलिंगनी. एका कोर्टाने जामीन दिलेला, दुसऱ्याला पत्ताच नाही. सोडवायला दोन कारकून, एक टेलिफोन आणि एक आठवडा लागला. नव्या देशात असा कारकून तयार व्हायला पाच-सात वर्षं सहज, आणि त्याला पाच-सात वर्षं त्याच खुर्चीत ठेवायचं तर पगार वेळेवर हवा. तो कोण देणार ते टेंडरमध्ये लिहिलेलं नाही. जावयांना शोधायला लावलं. प्रशिक्षणाचं कलम आहे, पाच दिवसांचं, हॉटेलात, जेवणासकट.

वाडीकर, तुमचंही खरं. मोटरचोराचं कोर्ट इथलंच होतं. पण म्हणूनच मला कळतं ना, की नकाशात काय नाही.


सुरसागर_काठी | दुपारी १२:१०

काका, जावयाने मग बदल केले का नकाशात? ते सांगा ने.


नाझर_निवृत्त | बुधवार, रात्री ९:२०

आज फोन आला. यांच्या कंपनीने शंका म्हणून सगळे मुद्दे लिहून पाठवले होते, पैसे देणाऱ्यांचं उत्तर आलं. आरोपींची बसायची खोली मंजूर. वेगळं दार मंजूर, फुलझाडांचा गोल थोडा सरकवून. मुद्देमालाची खोली 'दुसऱ्या टप्प्यात बघू'. रेकॉर्डरूम मंजूर, पण रॅक धरलेले नाहीत. खोली नुसती.


पोर्टलुईची_सून | रात्री ९:३५

रॅक तरी तुम्ही इथून पाठवा काका. मकरपुरा जीआयडीसीत कितीतरी बनवतात.


सुरसागर_काठी | रात्री ९:४०

उंची किती ठेवायची पण?


नाझर_निवृत्त | रात्री १०:०५

सहा फुटांच्या वर नको. वर गेलं की शिडी लागते आणि शिडी कोणीतरी पंखा साफ करायला नेतो, ती परत येत नाही. लोखंडी, मागे बंद नको, हवा खेळली पाहिजे. भिंतीपासून चार बोटं लांब. आणि सगळ्यात खालचा फळा जमिनीपासून दीड फूट वर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी आमच्या अकोट्याच्या घरात शिरली तेव्हा कपाटाच्या खालच्या फळीवरची माझी सगळी पासबुकं गेली, वरची राहिली. जावयांना विचारलंय, तिथे जवळ नदी आहे का. बघून सांगतो म्हणालेत.